अर्ध्या तासातलं पक्षीनिरीक्षण

जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आणि फार तर अर्धा तास, असं राज्य शासनाने २०१९ मध्ये परिपत्रक काढून बजावलं. आता नांदेडजवळच्या अर्धापूरच्या एखाद्या सरकारी कारकुनाला या सुट्टीत कुरव हा पाणपक्षी कॅमेऱ्यात टिपायचा असेल, तर? नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयावर जाऊन यायचं म्हटलं तरी सुट्टी वाटेतच संपणार. गावात आहेत केळीच्या बागा, इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी आणि बगळे. बगळा बिचारा गुणी. पाण्याकाठी असा निश्चल उभा राहतो, की मोबाइलमध्येही फोटो हलत नाही. पण त्याला विचारतो कोण? गुन्हा एवढाच की तो इथलाच. तपकिरी डोक्याचा कुरव मात्र लडाख-तिबेटकडचा. हिवाळ्यात इकडे येतो तेव्हा डोकं पांढरं, कानामागे तेवढा काळा ठिपका. तरी मान त्यालाच. उजनी धरणाकाठी भिगवणला होडीत बसून लोक त्याला शेव-गाठी उधळतात, म्हणजे तो फोटोपुरता जवळ येतो. मासे खाणाऱ्याला फरसाणाची सवय लावायची आणि वर स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवायचं! तेव्हा कारकूनसाहेब, डबा स्वतःच खा, आणि उरलेल्या दहा मिनिटांत कालव्यावर जाऊन या. बगळ्याला रजेचा अर्ज लागत नाही, तो बाराही महिने हजर असतो.