आपटतेस काय गो?

"तीन दिवस बघतेय, संध्याकाळी पाच वाजले की तुझ्या ओट्यावर काहीतरी आपटतं. भांडण म्हणावं, तर नवरा तुझा सातला येतो."

आमच्या दोन घरांमधल्या मेंदीच्या कुंपणाला एक भगदाड आहे. काकूंचं डोकं तिथूनच उगवतं. मूळच्या मालवणच्या. कोल्हापुरात येऊन चाळीस वर्षं झाली, पण तोंडातलं 'गो' काही सुटलेलं नाही.

"नूडल्स करतेय, काकू. अंड्याचे. गहू न घालता, तांदळाच्या पिठाचे."

"मग आपटतेस काय गो? आपटून चिवट होतो तो गहू. तांदळाला मारून काय मिळणार?"

त्या सहज बोलून गेल्या आणि मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. तीन दिवस मी मोबाइलवरच्या बाईचं बघून पीठ आपटत होते. ती बाई मैद्याचं मळत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांना गेल्या पावसाळ्यात सिलिअ‍ॅक निघाला. दोन वर्षं उंची जागच्या जागी, पोट नगाऱ्यासारखं, लोहाच्या औषधाच्या बाटल्या संपत होत्या पण हिमोग्लोबिन हलत नव्हतं. रक्त तपासलं, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघितला. गहू, जव, राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याचं अस्तर झिजवते. गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू बंद, तोही जन्मभर. पोळी बंद झाली त्याचं त्याला काही वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवरचे नूडल्स बंद म्हटल्यावर मात्र उशीत तोंड खुपसून रडला.

"आणि समोरच्या बाईंनी काल परत सत्यनारायणाचा शिरा ठेवला त्याच्या हातावर," मी म्हटलं. "वर म्हणतात, चिमूटभराने काय होतंय, देवाचं आहे."

"देवाचं असलं म्हणून रवा काय तांदळाचा होतो? अगो, तिचं काय घेऊन बसलीस! स्वतः देवाचं म्हणून चार पेढे खाते नि रात्री इन्सुलिन वाढवून घेते." काकू मेंदीतून आणखी पुढे आल्या. "पण खरं सांग, चिमटीने होतं काही?"

"पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत लागतं, असा आपल्याकडेही नियम आहे. आता त्यांची चिमूट केवढी असते ते तुम्ही बघितलंय."

"मेल्या गव्हाचा असा गुण आम्ही कधी ऐकला नव्हता."

मग मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेली हॉलंडची गोष्ट सांगितली. डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. अशा मुलांना गहू बाधतो असा त्यांना आधीपासूनच संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खायला लागले. आजूबाजूचे लोक उपाशी, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारली! युद्धानंतर पाव आला नि परत आजारी पडली. १९५० मध्ये डिकेंनी त्यावर प्रबंध लिहिला.

"कंद म्हणजे सुरणासारखे?" काकूंनी विचारलं. एवढ्या गोष्टीतून त्यांना तेवढंच हवं होतं. "बरं, तुझं ते पीठ दाखव."

मी परात उचलून कुंपणावर टेकवली. दोन वाट्या तांदळाचं पीठ, अर्धी वाटी साबुदाण्याचं, दोन अंडी आणि एक जादा पिवळं, मीठ. काकूंनी एक गोळी वळली, दोन बोटांत दाबली. कडेला मोरीच्या फरशीसारख्या भेगा.

"आणि शिजवल्यावर?"

"परवा पेज झाली. काल खळ. पुस्तकं चिकटवता आली असती."

"दळलंस कुठे?"

"घरीच, नव्या मिक्सरवर. गिरणीत गव्हावर तांदूळ टाकला की संपलंच सगळं."

खळ होण्याचं कारण खरं तर साधं होतं, मला ते उशिरा उमगलं. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लूटेनची जाळी तयार होते आणि ती बाकीच्याला धरून ठेवते. तांदळात ती जाळी नाही. अंडं धरतं, पण उकळत्या पाण्यात शिजून घट्ट झाल्यावर. तोवर धरणारं कोणीच नाही, म्हणून पट्टी पाण्यात पडली की विरघळते.

"आम्ही शिरवाळे कसे करतो?" काकूंनी मास्तरणीसारखं विचारलं. "तांदळाची उकड काढायची, मळायची, मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम गरम साच्यातून दाबायचे. वर गुळाचा नारळरस. त्यात कुठे गहू असतो गो? तांदूळ आधी चटका खातो, मग चिकटतो. तू त्याला कच्चाच अंड्यात बुडवलास."

"पण गरम उकडीत अंडं घातलं तर ऑम्लेट होईल!"

"मग अर्ध्याच पिठाची काढ, आणि निवू दे की. घाई कसली आहे? थांब." आणि त्या आत गेल्या. आल्या त्या इसबगोलाचा डबा घेऊन. "आमच्या ह्यांचा आहे. दोन चमचे काढून घे, त्यांना कळायला नको. भिजल्यावर बघितलंयस ना कसं बुळबुळीत होतं? ते धरेल."

एक वाटी पीठ अंदाजे तेवढ्याच उकळत्या पाण्यात उकडलं. निवल्यावर उरलेली पिठं, इसबगोल, अंडी. पंधरा मिनिटं नुसतं मळलं, आपटलं नाही. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. पोळपाट जुना, त्याच्या चिरांत वर्षानुवर्षांची कणीक, म्हणून दुधाच्या धुतलेल्या पिशव्या कापून दोन प्लास्टिकच्या मध्ये लाटलं. पापडापेक्षा किंचित जाड. सुरीने पट्ट्या कापल्या, एक उचलली. ती लोंबली! तुटली नाही. मी ती तशीच लोंबती धरून बागेत गेले आणि काकूंना दाखवली. मोठ्या पातेल्यात, खळखळत्या पाण्यात तीन मिनिटं. पाणी जरासं गढूळ झालं, पट्ट्या पट्ट्याच राहिल्या.

पुढे सोया सॉसची बाटली उघडली आणि सवय म्हणून मागचं बारीक वाचलं. घटकांत गहू. हिंगाच्या डबीनंतर हा दुसरा धक्का. पुडीतल्या हिंगात गव्हाचं पीठ घालतात हे तरी कुणाला ठाऊक असतं? मग लसूण, मिरपूड, व्हिनेगर, कोबी, एवढंच. चिरंजीवांनी एक घास घेतला आणि जाहीर केलं, "गाडीवरच्यासारखे नाहीत." दुसरी थाळी मात्र मागितली. थंड झाल्यावर ते भाकरीसारखे ताठ होतात, पण थंड व्हायला उरले तर ना!

काकूंना वाटीभर पाठवले. सकाळी वाटी परत आली ती ओल्या खोबऱ्याच्या वड्या घेऊन, आणि काकूंच्या दुसऱ्या हातात पितळेचा साचा होता.

"सुरीने किती कापशील? यातून सरळ पाण्यात पाड. दिवाळीपासून नुसता पडून आहे."

"दिवाळीला काय केलं होतं यात?"

"चकल्या. भाजणीच्या." त्या थांबल्या. "भाजणीत मूठभर गहू घातला होता का मी?"

दोघींनी साचा उन्हाकडे धरला. तळाशी, चकतीच्या कडेला तपकिरी काहीतरी चिकटलेलं होतं, खडीसारखं वाळलेलं. काकूंनी अंबाड्यातली पिन काढली आणि कोरायला सुरुवात केली.