गूजगोष्टी

"गूज नव्हे, गूस," असं शेजारच्या म्हातारबुवांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. त्या पाखराच्या इंग्रजी नावाच्या शेवटी 'स' आहे, 'ज' नाही. मेरीलंडमध्ये येऊन मला तीस वर्षं झाली. तेवढी वर्षं इथले लोक माझे उच्चार दुरुस्त करताहेत आणि तेवढीच वर्षं आमच्या घरात 'गूज' चाललंय. आभाळातून थव्याने बोलत जाणाऱ्या पाखराचं नाव गूजच असायला हवं. माझ्या मते यात चूक इंग्रजांची आहे.

चेसापीक उपसागराच्या पूर्वेकडच्या किनारपट्टीत आमचं घर. शेतातला मका निघाला की कॅनडातून, पार उत्तर क्यूबेकमधल्या उंगावा द्वीपकल्पातून, ही गुजं इथे हिवाळा काढायला येतात. काळी मान, आणि हनुवटीखालून दोन्ही गालांवर चढलेला पांढरा पट्टा. दाढ दुखणाऱ्या माणसाने फडकं बांधावं तसा. सांडलेला मका टिपायला ती शेतात उतरतात, आणि आपल्याच शेतात उतरावीत म्हणून शिकारी त्यांना एक पिपाणी वाजवून बोलावतात. बुवांच्या गुडघ्यांनी शिकार केव्हाच सोडली. पिपाणी सुटली नाही. 1995 मध्ये ही पाहुणी गुजं इतकी घटली की त्यांच्या शिकारीवर काही वर्षं बंदी आली. तेव्हाही बुवा रोज वाजवत. "बंदी बंदुकीवर होती," ते म्हणाले, "गप्पांवर नव्हती."

माझी स्वतःची शिकार डासांपलीकडे कधी गेली नाही. पण निवृत्त झाल्यावर काहीतरी शिकावं, असं सगळेच सांगतात. बायकोच्या मनात पेटी होती. तेवढ्यात नोव्हेंबरात ईस्टन गावच्या पाणपक्ष्यांच्या उत्सवाला गेलो आणि तिथे गुजांना हाका मारण्याची स्पर्धा ऐकली. परीक्षक पडद्याआड बसतात. कोण वाजवतंय ते त्यांना दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. आमच्याकडच्या एका गायनस्पर्धेत परीक्षक हे विजेत्या मुलीचे काका निघाले होते, त्यामुळे मला त्या पडद्याचं फार अप्रूप वाटलं. येताना पिपाणी घेऊनच आलो.

वस्तू वीतभरही नाही. बाहेर एक नळी, तिच्यात घट्ट बसणारा दुसरा तुकडा, त्याच्या टोकाला किंचित उतरती चिंचोळी पट्टी, आणि पट्टीवर पातळ प्लॅस्टिकची एक आखूड जीभ. ती जीभ जागची हलू नये म्हणून मागे पाचर मारलेली. आमच्या ऑफिसात पाचर मारली की चाललेलं काम बंद पडायचं. इथे पाचरीमुळे सूर लागतो.

लागतो म्हणजे बुवांचा लागतो. माझ्या पिपाणीतून पहिल्या दिवशी नुसती हवा गेली. जत्रेतली पिपाणी मी गाल फुगवून वाजवली होती, पिंपळाच्या पानाचीही वाजवली होती. त्या अनुभवावर विसंबून मी फुगवले गाल. बुवांनी सरळ माझे दोन्ही गाल चिमटीत धरले. "फुंकू नकोस. चष्मा पुसायच्या आधी काचेवर काय करतोस?" मी चष्मा काढून 'हाऽऽ' केलं. काच धुरकट झाली. "हं, तो वारा. गरम, पोटातून आलेला."

मग हात. डावा पंजा शिंपल्यासारखा वळवून नळीच्या तोंडावर धरायचा आणि पावट्याएवढी फट ठेवायची. कोंडलेली हवा उलटी जिभेवर दाबते आणि खालचा घोगरा सूर निघतो, पोट बिघडलेल्या माणसाच्या कण्हण्यासारखा. त्याच श्वासात पोटाने एक हिसका द्यायचा, की जीभ चटकन पलटते आणि वरचा सूर फुटतो. हर्र-ऑंक. खालून वर जाताना आवाज असा मोडला तरच ते गूज. न मोडता सरकत गेला तर भोंगा. पूर्वीच्या लांब नळीच्या पिपाण्या म्हणे सोशिक होत्या, चुकलं तरी सांभाळून घ्यायच्या. ही आखूड जिभेची तापट आहे. पण एकदा वश झाली की हाक, कुजबुज, तुटक 'क्लक', सगळं तिच्यातून निघतं. बुवा डोळे मिटून वाजवतात तेव्हा एकटा माणूस अख्खा थवा होतो, आणि त्या थव्यात दोघातिघांचं भांडणही चालू असतं.

माझा आवाज तीन आठवडे मोडलाच नाही. एकदा वाजवत असताना कोल्हापूरहून बहिणीचा फोन आला. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "दादा, रेडकू पाळलंयस का रे? भुकेलंय ते."

चौथ्या आठवड्यात आवाज पुरताच बंद झाला. घसा बसला असेल म्हणून मी दोन दिवस हळदीचं दूध घेतलं. बुवांनी पिपाणी उघडली, तर जिभेखाली शेंगदाण्याचं तांबूस साल. चिवडा खाऊन मी तोंड न धुता वाजवायला बसलो होतो. असा अडकलेला कण काढायला इथे कोरी करकरीत डॉलरची नोट जिभेखालून ओढतात. माझ्या पाकिटात भारतातून आणलेली दहाची नोट होती, तीच ओढली. साल निघालं; नोटेची घडी मात्र उगीचच उलगडून गेली. गाजराची पुंगी निदान मोडून खाता येते.

बुवांवर छाप पाडावी म्हणून मी त्यांना फासेपारध्यांबद्दल सांगितलं. आमच्याकडे हे लोक तित्तिराला नुसत्या तोंडाने बोलावतात. नळी नाही, पाचर नाही. बुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग तुला हे सोपं जायला हवं होतं."

मार्चमध्ये ते मला तळ्यावर घेऊन गेले. तळ्यावरची गुजं ही आभाळातली पाहुणी नव्हेत. 1935 पर्यंत इथले शिकारी पाळीव गुजं पाण्याकाठी बांधून ठेवत, आणि ती रानातल्या भाऊबंदांना हाका मारत. त्या वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. बेकार झालेल्या त्या गुजांची पोरंबाळं आज गोल्फच्या मैदानांवर आणि ऑफिसांच्या तळ्यांवर बारमाही राहतात. कामासाठी आणलेली, काम संपल्यावर इथलीच झालेली. ती फार झाली आहेत, घाण करतात, परत का जात नाहीत, अशी कुरकूर मी पुष्कळदा ऐकतो. त्या चर्चेत मी भाग घेत नाही.

तळ्याकाठी गवतात एक मादी अंड्यांवर बसली होती. नर दहाएक पावलांवर मान ताठ करून उभा. मी चष्म्याची वाफ आठवली, शिंपला वळवला, पोटाने हिसका दिला. आणि आवाज मोडला! हर्र-ऑंक. स्वच्छ, वरच्या सुरात, त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच. बुवांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नरानेही पाहिलं. मग त्याने मान जमिनीला समांतर केली, पंख पसरले, आणि फिस्कारत थेट माझ्यावर आला. चाळिशीनंतर मी धावलेलो नव्हतो. गाडीत शिरून दार ओढून घेईपर्यंत त्याने माझी डावी पोटरी दोनदा गाठली.

बुवा मागून सावकाश, काठी टेकत आले. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. काच खाली करायला लावून ते म्हणाले, "उच्चार चोख होता. पण तू त्याला म्हणालास काय?"

ते मला अजून कळलेलं नाही. पोटरीवरचा डाग आठवडाभराने गेला. रियाज मी आता गाडीतच, काचा वर करून, सकाळी साडेसहा ते सात या वेळात करतो. तेवढा अर्धा तास सोडून कधीही फोन करावा.