बारा लिटरचा समुद्र

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं आणि हात आपोआप नाकाशी गेला. पहिला संशय जिन्याखालच्या उंदरावर गेला, दुसरा कुणाच्या तरी शुक्रवारच्या विसरलेल्या डब्यावर. हुंगत हुंगत आम्ही आवक-जावक टेबलापाशी येऊन थांबलो. टेबलावर काचेची पेटी होती, पेटीत पाणी आणि पाण्यात एकच, सोललेली, बऱ्यापैकी नासलेली कोलंबी. समोर दर्यासारंग हनुवटीला हात लावून बसले होते.

"अहो, मासा कुठाय?"

"मासा नंतर. आधी अमोनिया."

दर्यासारंग हे नाव त्यांना आमच्या शिपायाने ठेवलं. मस्टरवरचं खरं नाव आता मस्टरलाच आठवत असेल. लहानपणी चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं, तेव्हाच समुद्र पाळायचं ठरलं म्हणे. ते मत्स्यालय 1951 सालचं, यांचा संकल्प पुढे तीसएक वर्षांनंतरचा आणि अंमलबजावणी निवृत्तीला चार वर्षं उरली असताना. सरकारी कामाच्या मानाने हे वेळेतच म्हणायचं.

पेटी त्यांनी स्वतः बनवली होती. निर्लेखित कपाटाच्या काचा रीतसर लिलावात घेऊन, कापून आणि सिलिकॉनने चिकटवून. लांबी 30 सेंटीमीटर, रुंदी आणि उंची 20-20. म्हणजे काठोकाठ 12 लिटर. चिकटवलेली पेटी वाळायला टेबलावरच ठेवली, तेव्हा दोन दिवस व्हिनेगरचा वास सुटला होता. लेखा शाखेतल्या मॅडम विचारून गेल्या, चायनीज कुणी मागवलंय?

मग मीठ. मी भाबडेपणाने म्हटलं, वाण्याकडून किलोभर खडेमीठ आणू का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सत्यनारायणाच्या शिऱ्यात मिरची घालायला निघालो होतो. समुद्र म्हणजे खारं पाणी नव्हे. त्यात कॅल्शियम लागतं, मॅग्नेशियम लागतं. म्हणून मत्स्यालयाचं खास मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, आणि तेही आरओच्या पाण्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आमच्या खिडकीतून अरबी समुद्र फुकट दिसतो, हे मी सुचवून पाहिलं. "त्याचा काय भरवसा?" ते म्हणाले. "पाऊस पडतो, नाले येतात. तो माझ्या ताब्यात नाही." या माणसाच्या ताब्यात आजवर आवक-जावक रजिस्टर आणि एक पंचिंग मशीन होतं, हे लक्षात घेतलं की वाक्याचं वजन कळतं.

कोलंबीचं गूढ त्यांनी दुपारी चहाच्या वेळी उलगडलं. कोलंबी सडली की अमोनिया सुटतो. तो माशाला विष. पण एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी.

"म्हणजे फाइल तीन टेबलं फिरते," शिपाई म्हणाला.

"अगदी बरोबर. आणि टेबलांवर माणसं यायला महिना-दीड महिना लागतो."

तो दीड महिना आमच्या शाखेच्या इतिहासात कोरला गेलाय. रोज साडेदहाला ते परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब मोजायचे आणि रंग तक्त्याशी ताडून वहीत नोंद करायचे. बाहेर अर्जदार ताटकळत. साहेब दर आठवड्याला डोकावून "मासे आले का?" म्हणून विचारत, आणि पाणी बघून परत जात. मालवणचा एक सहकारी प्रेमाने प्रवाळाचा तुकडा घेऊन आला, तर यांनी त्याला तिथेच उभं करून 1972 चा वन्यजीव कायदा ऐकवला. प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. तो बिचारा तुकडा रुमालात गुंडाळून, चोरासारखा जिना उतरला.

अखेर अमोनिया शून्यावर आला, नायट्राइट शून्यावर आलं. सगळी शाखा जमली. दर्यासारंगांनी डबा उघडला आणि आत सोडला... शंखात राहणारा एक खेकडा. वरळीच्या खडकांवरून, ओहोटीची वेळ बघून उचललेला. बोराएवढा.

"मासा?"

"बारा लिटरमध्ये मासा? त्याचे हाल करायचेत का?"

निराशा झाली, पण खेकड्याने शाखा जिंकली. याला स्वतःचं कवच पुरतं नसतं, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. यांनी तीन रिकामे शंख पेटीत मांडून ठेवले होते. एका गुरुवारी त्याने जुना शंख सोडला, दोन सेकंद उघडा पडला आणि दुसऱ्यात शिरला. दर्यासारंगांनी पेढे वाटले. स्वतः नऊ वर्षं स्टाफ क्वार्टरच्या प्रतीक्षायादीत असलेला माणूस दुसऱ्याच्या गृहप्रवेशाला इतका हरखताना मी पाहिला नव्हता.

मे महिन्यात ते भाचीच्या लग्नाला गावी गेले आणि कार्यभार माझ्याकडे आला. सोबत दोन पानी सूचना. त्यातलं दुसरं पान मी वाचलं नाही. आठवड्यात पाणी दीड लिटर खाली गेलं, तेव्हा कपाटातल्या कॅनमधलं तयार खारं पाणी मी मायेने ओतलं. आता मला माहीत आहे की वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ जागेवरच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हेच दुसऱ्या पानावर होतं, लाल शाईत, अधोरेखित.

ते परत आले, पिशवी खाली न ठेवता पेटीत हायड्रोमीटर सोडला. 1.025 च्या जागी 1.028. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुपारी आवक-जावक क्रमांक घातलेला कागद माझ्या टेबलावर आला: "क्षारता का वाढली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा." प्रत माहितीस्तव खेकड्याला.

मी रजेचा अर्ज टाकलाय.