‘मी काही विकत नाहीये’

“काय हो वहिनी, ती रोज दहाला डबा घेऊन निघते, ती कोण?”

“भाची माझी. हडपसरला कॉल सेंटरमध्ये लागलीय.”

“लोन घ्या, कार्ड घ्या, तसलं?”

“छे! सर्व्हे करतात. सरकारबद्दल काय वाटतं, साबण कुठला वापरता, असलं विचारायचं. ‘मी काही विकत नाहीये’ हे तिचं पहिलं वाक्य, आणि ते संपेपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असतो.”

“पण आपला नंबर देतं कोण या मेल्यांना?”

“कधीकधी कुणीच नाही. कम्प्युटरच आकडे जुळवतो आणि लावतो. कित्येक नंबर तर लागतच नाहीत. अमेरिकेत म्हणे १९९७ साली शंभरातले ३६ जण उत्तरं द्यायचे, २०१८ ला उरले ६. तिकडच्या प्यू नावाच्या संस्थेने स्वतःच छापलंय. ट्रेनिंगमध्ये दाखवलं तिला.”

“शंभरातले सहा! तेही रिकामटेकडेच असणार.”

“नाहीतर एकटे. एक आजोबा तिला रोज या वेळेला कर म्हणाले. आणि कुणी बोलायला तयार झालं, तरी प्रश्न छापलाय तस्सा वाचायचा, अक्षर बदलायचं नाही. मराठी कसं, तर ‘सद्यस्थितीतील रोजगार उपलब्धतेबाबत आपण कितपत समाधानी आहात?’ परभणीकडची म्हातारी विचारते, काय म्हन्लीस गं बाय? समजावून सांगायचं नाही, तेच परत वाचायचं. सुपरवायझर मधूनच गुपचूप लाइनवर येऊन ऐकतो.”

“सासूच की!”

“आणि गंमत बघा, ‘सांगता येत नाही’ हे उत्तर स्क्रीनवर असतं, पण तोंडाने वाचायचं नाही. वाचलं की सगळे तेच घेतात.”

“मीसुद्धा तेच घेईन बाई.”

“तुम्ही मिळालात तर ती पेढे वाटेल! खरी रड बायकांचीच आहे. निम्म्या बायका हव्यातच, कोटा ठरलेला. फोन उचलतो पुरुष. बाईंना द्या म्हटलं की ‘काय काम आहे?’ दिलाच तर स्पीकरवर, आणि मागून उत्तरं हाच सांगतो. दुपारपर्यंत पुरुष भरून जातात, मग संध्याकाळभर सगळी पोरं बायका शोधत बसतात. एखादी मिळाली की नेमकी कुकरची शिट्टी, ‘ठेवते गं ताई’. अर्धवट फॉर्म धरत नाहीत, आणि इन्सेंटिव्ह पुऱ्या फॉर्मवर.”

“म्हणजे पोरीचे पैसे लोकांच्या कुकरवर!”

“नाहीतर काय. टीव्हीवर ‘महिलांचा कौल’ म्हणून आकडे झळकतात ना, त्यात कुणाकुणाचे नवरे मिसळलेत देव जाणे.”

“अगं बाई! म्हणजे परवा आमच्याकडे फोन आला तो असलाच असणार. ह्यांनी घेतला. पलीकडची पोरगी बाईच हव्यात म्हणत होती, तर म्हणाले, ‘ती घरात नाही, मलाच विचारा, आमचं मत एकच असतं.’ मी समोर मेथी निवडत बसलेली!”

“मग विचारलं तिने?”

“विचारलं ना. खर्चाचे निर्णय कोण घेतं? ‘दोघं मिळून.’ स्वयंपाक कोण करतं? ‘दोघं मिळून.’”

“दोघं?”

“थांबा, तुमच्यासमोरच विचारते. अहो! अहो, जरा बाहेर या बघू!”