कामाला लागण्यापूर्वी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

प्रॉडक्टिव्ह व्हायचं ठरवलंत, अभिनंदन. आता घाई करू नका. नवशिके इथेच घसरतात: ठरवलं की लगेच काम करायला बसतात. काम असं उरकलं तर साधनांची गरजच उरणार नाही, आणि मग एवढा मोठा बाजार मांडलाय तो कोणासाठी? आधी साधनं, मग त्यांची मांडणी, मग मांडणीत सुधारणा. काम आपलंच आहे, ते कुठे पळून जात नाही.

सरावासाठी एखादं काम हाताशी हवं. आपण लाइट बिल भरणं हे काम घेऊ. बिल घरात आलेलं आहे, मुदत १४ तारखेची आहे, आणि अमुक तारखेच्या आत भरल्यास इतके रुपये, नंतर भरल्यास इतके, असं त्यावर स्वच्छ छापलेलं आहे. त्या छापील मजकुराकडे तूर्त लक्ष देऊ नका.

खरेदी

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक, मुंबईत असाल तर अब्दुल रहमान स्ट्रीट. गाव लहान असेल तर एसटी स्टँडजवळचं जनरल स्टोअर्सही चालतं. फक्त तिथला दुकानदार ‘काय लिहायचंय?’ असं विचारतो, उत्तर तयार ठेवा. अप्पा बळवंत चौकात गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी सकाळ जाईल. ती वाया गेली असं मानू नका. ती तयारीत धरायची.

वही रेघी, चौकटीची की कोरी, हा वाद आता मिटलेला आहे. ठिपक्यांची घ्यायची. रायडर कॅरल नावाच्या अमेरिकी डिझायनरने २०१३ साली ‘बुलेट जर्नल’ ही पद्धत लोकांसमोर ठेवली. मूळ पद्धत भलतीच सुटसुटीत आहे: काम लिहायचं, त्याच्यापुढे ठिपका द्यायचा, झालं की फुली मारायची, राहिलं तर पुढच्या महिन्याच्या पानावर न्यायचं. शाळेच्या उरलेल्या वहीतही हे भागतं, पण दुकानात तसं बोलू नका. कारण पुढे रसिकांनी या पद्धतीला वेली, फुलं, रंगीत पट्ट्या आणि सुलेखनाची जोड दिली आणि आता एका महिन्याचं पान सजवायला अख्खा रविवार लागतो. लाइट बिल या पानावर तिसऱ्या ओळीत, जांभळ्या शाईत लिहा. छान दिसतं.

ज्यांना पैसे घालवायचे नाहीत त्यांच्यासाठी फुकटच्या डायऱ्या आहेत. बँक देते, विमा एजंट देतो, खतांची कंपनी देते. अशी एखादी जुनी डायरी माळ्यावरून काढून नीट पाहा, पुष्कळ शिकायला मिळेल. पहिल्या पानावर रक्तगट भरलेला असतो. त्यानंतर शहरांमधल्या अंतरांचा तक्ता. नागपूर ते पणजी किती किलोमीटर हे आयुष्यात एकदाही लागत नाही, तरी तो तक्ता आपण दरवर्षी वाचतो. १ जानेवारी: ‘पहाटे ५ ला उठणे. प्राणायाम. इंग्रजी पेपर मोठ्याने वाचणे.’ अक्षर मोत्यासारखं. ४ जानेवारी: ‘उद्यापासून नक्की.’ मग पाऊण वर्ष कोरं. मध्येच एका पानावर ‘दूध अर्धा लिटर जादा’, ऑक्टोबरमध्ये वेगळ्याच अक्षरात अनारशांचं प्रमाण, आणि शेवटच्या पानांवर पोरांचा फुली-गोळा. माझं मत विचाराल तर त्या डायरीतलं सगळ्यात उपयोगी पान अनारशांचं.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. आपणही नव्या वहीची पूजाच करतो. फरक इतकाच की व्यापारी नंतर तीत रोज लिहितो.

पेनाबद्दल शास्त्राचा आधार हवा असेल तर दासबोध आहे. एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच समर्थांनी लेखनक्रियेने केली आहे. बरू, शाई, कागद, कापायची हत्यारं, पोथीची बांधणी, सगळं त्यात आहे. पण समर्थ आधी अक्षर घोटून घोटून वळणदार करायला सांगतात आणि सामानाकडे नंतर वळतात. नवशिक्याने थेट सामानावर यावं.

चिकटचिठ्ठ्या घेतल्याशिवाय परतू नका. त्यांचा गोंद मुळात कच्चा आहे. स्पेन्सर सिल्व्हर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९६८ साली चांगला पक्का गोंद करायचा होता, झाला तो असा. त्याचं काय करायचं हे ठरायला आणि माल अमेरिकाभर दुकानांत यायला १९८० साल उजाडलं. आपल्याकडे पंखा पाचवर असतो. ‘लाइट बिल!!’ लिहिलेली चिठ्ठी दुपारपर्यंत कपाटाखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडते.

मोबाइलमधली तयारी

कागदाची बाजू भक्कम झाली की सगळं मोबाइलवर हलवा.

कामांच्या यादीचं एखादं ॲप उतरवून घ्या. त्यात नुसतं ‘लाइट बिल’ लिहून चालत नाही. प्रोजेक्ट कोणता? ‘घर’ असा प्रोजेक्ट तयार करा. त्याला चिन्ह द्या. घराचीच चार-पाच चित्रं असतात, झाड असलेलं, झाड नसलेलं, धुराडं असलेलं. सावकाश निवडा. घराला हिरवा रंग द्यावा तर ‘पैसे’ या प्रोजेक्टलाही हिरवाच शोभतो. आणि मुळात बिल घरात मोडतं की पैशांत? दोन्हीकडचे टॅग लावून मोकळे व्हा. मग प्राधान्य ठरवा. रिमाइंडर तीन: आदल्या रात्री, त्या दिवशी सकाळी आणि जेवणाच्या वेळी. दर महिन्याला हे काम आपोआप उगवेल अशी सोय. त्याखाली पोटकामं: बिल शोधणे, ग्राहक क्रमांक बघणे, पैसे भरणे, पावती जपून ठेवणे. एवढं बसवेपर्यंत तास सहज जातो. यूपीआयने बिल भरायला दोन मिनिटं लागतात, हे मान्य. पण दोन मिनिटांत काम उरकणाऱ्याला ‘काय सिस्टिम आहे हो तुमची!’ असं कोणी म्हणत नाही.

डेव्हिड ॲलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या २००१ सालच्या पुस्तकात यावरच नियम आहे: दोन मिनिटांत होणारं काम यादीच्या भानगडीत न घालता तिथल्या तिथे करून टाकावं. हा नियम पाळला तर निम्मी यादी ओस पडेल. तेव्हा पुस्तक जरूर घ्या, आणि ‘वाचणे’ असं यादीत टाका.

यापुढचं साधन टोयोटाच्या कारखान्यातून आलं आहे, म्हणजे वजनदार आहे. त्याला कानबान म्हणतात. पडद्यावर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. एकेक काम म्हणजे एकेक पत्ता, बोटाने सरकवायचा. हातात घेतलेल्या कामांची संख्या बांधून ठेवायची, हा या पद्धतीचा प्राण. पण आपल्याकडे ‘चालू आहे’ या शब्दांना फार मोठी परंपरा आहे. रस्त्याचं काम चालू आहे, फाइल चालू आहे, बोलणी चालू आहेत. बिलाचा पत्ता मधल्या रकान्यात आणून ठेवा. बिल भरल्याच्या निम्मं समाधान तिथेच मिळतं.

ज्यांना हे सगळं जड जातं ते स्वतःलाच व्हॉट्सॲप पाठवतात. २०२२ च्या अखेरीपर्यंत यासाठी वेगळी सोय नव्हती. तेव्हा लोक बायकोला किंवा भावाला घेऊन ग्रुप काढत आणि दुसऱ्या क्षणी त्याला बाहेर काढत. बाहेर काढलेला माणूस रात्री जेवताना ‘काय झालं?’ असं विचारी. अशा ग्रुपांतून आजही आधार कार्डाचे फोटो, गाण्यांच्या लिंका आणि ‘बिल’ एवढा एकच शब्द पडलेला सापडतो. कुठलं बिल, हे आता त्या ग्रुपच्या एकमेव सदस्यालाही सांगता येणार नाही.

वेळ मोजणं

फ्रान्चेस्को चिरिलो हा इटालियन विद्यार्थी १९८०च्या दशकाच्या शेवटी अभ्यासाला बसला की स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावायचा. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच. आपल्याकडे यासाठी कुकर आहे, पण ‘तीन शिट्ट्यांत हिशेब लिहून काढला’ असं सांगितलं तर ऑफिसात कोणी मान देत नाही. त्यापेक्षा पोमोदोरोचं ॲप घ्या. त्यात पावसाचा आवाज, कॅफेतला आवाज, रेल्वेच्या डब्यातला आवाज असे पर्याय येतात. कल्याण लोकलने जाणाऱ्यांनी शेवटचा टाळावा.

तातडीचं आणि महत्त्वाचं यांचा चार घरांचा तक्ताही भिंतीवर हवाच. तो आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जातो, म्हणजे खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या. आपल्या वापरासाठी त्यात एक पाचवं घर आखून घ्या: तातडीचं नाही, महत्त्वाचंही नाही, पण सासरेबुवांनी सांगितलंय.

आणि ज्यांची साधना फारच पुढे गेली आहे त्यांच्यासाठी निक्लास लुमान. या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर टिपणांची सुमारे ९० हजार कार्डं लाकडी खोक्यांत लावली आणि त्यांच्या जोरावर डझनावारी पुस्तकं लिहिली. आज त्याच्या पद्धतीने कार्डं करणारे पुष्कळ आहेत. त्यांची बरीचशी कार्डं कार्डं कशी करावीत याबद्दल असतात.

हे नवशिक्यांनी वाचू नये

भारतरत्न पां. वा. काणे मुंबईत वकिली करत होते. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा १९६२ साली. मधल्या ३२ वर्षांत साडेसहा हजारांवर पानं. त्यांचा चिन्हांचा रंग कोणता होता, याची नोंद नाही.

तसंच एक साधन तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं ते तिथी, सण, एकादश्या बघायला. घराघरांतून त्याचं कार्यालय कधी झालं ते कोणी ठरवलं नाही. फ्रीजच्या बाजूला ते असतं, सुतळीला बांधलेलं पेन शेजारी लोंबत असतं. जवळ जाऊन बघा. २ तारखेच्या चौकोनात ‘सिलिंडर लावला’. ५, ६, ७ वर आडवी रेघ आणि ‘दूध नाही’. ११ ला ‘बाई सुट्टी’, १८ ला डॉक्टर, २३ ला कोणाचा तरी साखरपुडा, कंसात ‘पाकीट’. अक्षर आईचं किंवा बायकोचं, शाई फिकी, टॅग एकही नाही. रेंज गेली तरी चालतं, पासवर्ड लागत नाही, आणि पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडतं. खोट एकच आहे. त्यावर लिहिलेलं काम होऊनच जातं, त्यामुळे तयारीची गोडी कायमची जाते.

१४ च्या चौकोनात ‘लाइट’ लिहून त्यावर बरोबरची खूण केलेली दिसेल. ती तुम्ही केलेली नाही. मोबाइलमधला पत्ता आता तिसऱ्या रकान्यात सरकवायला हरकत नाही.

नव्या वर्षाचं कालनिर्णय दिवाळीच्या आधीच बाजारात येतं. एकच घ्या, आणि त्याचं पेन जागेवरून हलवू नका.