रोबोला काय चालतं?

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांची नियमपुस्तिका अभियंत्यांनी लिहिलेली नसून कडक उपवास करणाऱ्या एखाद्या आजीबाईंनी सांगितलेली असावी, असा दाट संशय येतो. ‘फर्स्ट लेगो लीग’मध्ये रोबो लेगोच्याच तुकड्यांचा हवा, टेप, गोंद, तेल वर्ज्य, मोटारी जास्तीत जास्त ४. दोरी आणि नळी मात्र कापलेली चालते. ‘व्हेक्स’मध्ये बरीच वर्षं प्लास्टिक चालायचं, पण १२ बाय २४ इंचांच्या एकाच तावातून निघेल तेवढंच. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मध्ये प्राणिजन्य पदार्थांना बंदी, कमावलेल्या चामड्याला तेवढी सूट. ‘फर्स्ट रोबोटिक्स’मधल्या पन्नासेक किलोंच्या धुडांना तर वर्षानुवर्षं प्लायवूडवर पोहण्याच्या तलावातले फोमचे लांबोडके नूडल बांधून, वर कापड चढवून मैदानात उतरवलं गेलं. पण साबुदाण्याच्या खिचडीचा शोध बंधनामुळेच लागला, हे खाणाऱ्याला पटवावं लागत नाही. रोबोचंही तसंच आहे. टेप नाही म्हटल्यावर सांधा नीट जुळवावाच लागतो. ताव एकच म्हटल्यावर कात्रीआधी पेन्सिल चालते. नूडलचं कारण तर सरळ आहे: दोन धुडं एकमेकांवर आदळली, तर फुटायचं ते फोमने फुटावं.

यावर पहिला आक्षेप असा, की खऱ्या अभियंत्याला अशी यादी कुठे असते? असते की! तिला अंदाजपत्रक म्हणतात, आणि ती सांभाळणारा लेखापाल कुठल्याही तपासनिसापेक्षा निष्ठुर असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: काय चालतं ते ठरवायचं, आणि जे चालतं ते एकाच कंपनीकडून घ्यायला लावायचं, हा धर्म की धंदा? थोडा धंदा आहेच. लेगोचे संच काही भाजीच्या भावात मिळत नाहीत. पण बंद यादीत निदान खर्चाला छत असतं. यादी उघडी सोडली, तर एकाकडे कार्बन फायबर येईल, दुसऱ्याकडे काकांच्या कारखान्यातलं सीएनसी यंत्र, आणि स्पर्धा मुलांची न राहता पालकांच्या पाकिटांची होईल. पाकिटांना बक्षीस द्यायला बँका आहेत.

तेव्हा मुलांनो, यादीला नावं जरूर ठेवा, पण पहिला स्क्रू आवळण्याआधी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तपासनीस ती पाठ करून येतो.