वयात आलेले विद्यार्थी

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे विधी महाविद्यालयाने आठवड्याला किमान ३० तास वर्ग घ्यायचे, ते सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळातच घ्यायचे आणि ज्याची एखाद्या विषयाला ७० टक्के हजेरी भरत नाही त्याला त्या विषयाच्या परीक्षेला बसू द्यायचे नाही. आता वाघोलीत फ्लॅट घेतलेला, खराडीत नोकरी करणारा, पंचेचाळिशी गाठलेला एक गृहस्थ घ्या. कायद्याच्या गाइडांतल्या रिवाजाप्रमाणे त्याला ‘अ’ म्हणू. ओघाने त्याचा बिल्डर ‘ब’ होतो, हा निव्वळ वर्णमालेचा योगायोग. अ ची नोकरी आठवड्याला ४५ तासांची. नगर रस्त्यावर वाघोली ते खराडी हे अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत नाही, ते किती वाजता निघालात यावर ठरते. त्यात १९२४ सालचे आयएलएस विधी महाविद्यालय पार दुसऱ्या टोकाला, लॉ कॉलेज रस्त्यावर. तिथे पोचायचे म्हणजे अख्खे पुणे ओलांडायचे. मेट्रो रामवाडीपर्यंत मार्च २०२४ मध्ये आली. तिथून वाघोलीकडच्या वाढीव मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, मुदत चार वर्षांची. एलएलबी तीन वर्षांची. म्हणजे सगळे वेळेवर झाले तरी अ ला मेट्रो मिळणार ती पदवी पदरात पडल्यावर. हा हिशेब पाहून कोणीही म्हणेल की अ ने या भानगडीत पडू नये. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. कायदा शिकायला खरा लायक माणूस अ च आहे, आणि वर्गात वेळेवर येऊन बसणारा बावीस वर्षांचा मुलगाच अजून कच्चा आहे.

पुरावा लांब शोधायला नको, अ च्या कपाटात आहे. फ्लॅटच्या करारनाम्याची ती जाडजूड फाइल काढा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही, शेवटी अंगठा, साक्षीदार म्हणून एजंटाच्या ऑफिसातली दोन मुले, जी त्याच दिवशी आणखी पाचसहा कुटुंबांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या व्यवहाराची साक्षीदार झालेली असतात. मागे परिशिष्टात चतुःसीमा: पूर्वेस अमुक सर्व्हे नंबर, पश्चिमेस तमुक यांची मिळकत, उत्तरेस ओढा, दक्षिणेस नियोजित रस्ता. ओढा पहिल्याच पावसाळ्यात आपण होऊन हजर होतो. नियोजित रस्ता नियोजितच राहतो. अ ने हे सगळे न वाचता सही केली, कारण वाचून सही करणारा माणूस दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रांगेचा शत्रू समजला जातो. आता हाच अ वर्गात बसला आणि समोर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ आले की काय होईल ते पाहा. तिथे साफ लिहिले आहे की विक्रीच्या नुसत्या कराराने त्या मालमत्तेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. बावीस वर्षांचा मुलगा या ओळीखाली पिवळा मार्कर ओढतो आणि कँटीनला जातो. अ त्या रात्री झोपत नाही. विषय कोणाला समजला, हे परीक्षकाने ठरवावे.

गृहनिर्माणाचे बाकीचे कायदेही त्याने असेच अंगावर शिकलेले असतात. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांत, करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जागा तिच्या नावे करून द्यावी असे आहे. ते चार महिने वर्षानुवर्षे चालत राहिले, म्हणून तर पुढे ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावे लागले: ब ने जे केले नाही ते त्याने केले असे सरकारने मानून घ्यायचे. एवढी समजूतदार कल्पना भारतीय विवाहसंस्थेबाहेर इतरत्र आढळत नाही. रेरा कायद्याचे कलम १८, म्हणजे ताबा लांबला तर ब ने व्याज द्यायचे, हे अ ला तोंडपाठ असते, कारण त्या काळात तो एकीकडे घरभाडे आणि दुसरीकडे गृहकर्जाचा हप्ता भरत होता. आणि घटनात्मक कायदा? ३० जून २०२१ रोजी वाघोली पुणे महापालिकेत गेली. अ खुर्चीवरून हललाही नव्हता, पण त्याच्या डोक्यावर ७३ व्या घटनादुरुस्तीतली पंचायत होती तिथे ७४ व्या दुरुस्तीतली नगरपालिका आली. टँकर मात्र दोन्ही दुरुस्त्यांना पुरून उरला. बावीस वर्षांच्या मुलाला हा फरक समजावून सांगायला प्राध्यापकांना दोन तास लागतात. अ ला विचारा, तो कर आकारणीपासून सुरुवात करेल आणि थांबणार नाही.

पहिला आक्षेप वयाचा. तो कुचकट शेजाऱ्यांनीच घेतला असता तर सोडून दिले असते, पण खुद्द बार कौन्सिलनेही तो घेतलेला आहे. २००८ च्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० अशी वयाची मर्यादा होती. ती मध्यंतरी मागे घेतली, सप्टेंबर २०१६ मध्ये पुन्हा लागू केली आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्याही आधी ४५ वर्षांवरच्या माणसाला सनदच द्यायची नाही असा नियम झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये रद्द केला. थोडक्यात, अ च्या वयावर देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टात बाजू मांडून झालेली आहे आणि तो जिंकलेला आहे. शेजाऱ्यांना अपील करायचे असेल तर मुदत केव्हाच संपली. मला तर वाटते, हे नियम करणाऱ्यांनी एकदा रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आठवायला हवे होते. साताऱ्याच्या सावकाराकडे चाकरी करणारा हा माहुलीचा मुलगा विशी आली तरी शिकलेला नव्हता, मग काशीला गेला, असे सांगतात. पुढे तो पेशव्यांचा न्यायाधीश झाला आणि नारायणरावाच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादाला दोषी ठरवून मोकळा झाला. नोकरी करणारा, उशिरा शिकायला लागलेला, वरून शिक्षणासाठी गाव सोडलेला. आजच्या अर्जात ‘शैक्षणिक खंडाचे कारण’ या रकान्यात बिचाऱ्याने काय लिहिले असते?

दुसरा आक्षेप स्मरणशक्तीचा: या वयात कलमे पाठ होतात का? याला उत्तर सरकारनेच १ जुलै २०२४ रोजी देऊन ठेवले. १८६० ची भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली; ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाचे ३०२ आता १०३ आहे. फसवणुकीचे ४२०, ज्याच्यावर राज कपूरने १९५५ साली अख्खा सिनेमा काढला, ते ३१८ च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसले. लबाड माणसाला ‘तीनशेअठराचा चार’ म्हणायला जीभ अजून वळलेली नाही. पण यात अ चा फायदा पाहा. तीस-तीस वर्षे वकिली केलेले लोकही त्या दिवशी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता खिशात घेऊन कोर्टात जाऊ लागले. चाळिशीच्या पुढे पाठांतर होत नाही हे खरे असेल, तर ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या अर्ध्या बाररूमला लागू आहे आणि तिथे तर त्यावाचून कोणाचे अडलेले दिसत नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. नोकरी चालू ठेवून अ ला वकिली करताच येणार नाही. पूर्णवेळ पगारी नोकराने वकिली करू नये असे बार कौन्सिलचा नियम ४९ सांगतो. आणि या बाबतीत महाराष्ट्राचेच उदाहरण अ च्या विरोधात जाते. डॉ. हनिराज चुलानी हे मुंबईचे शल्यविशारद, १९७० पासून वैद्यकी करणारे. व्यवसाय सांभाळून ते एलएलबी झाले, १९९१ मध्ये पदवी मिळाली आणि त्यांनी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनद मागितली, पण दवाखाना न सोडता. कौन्सिलने नाही म्हटले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाही म्हटले: वकिलीला पूर्ण लक्ष लागते, एका वेळी दोन डगरींवर पाय चालणार नाही. निकाल मला पटतो. आपला वकील ऐन उलटतपासणीत ऑपरेशनला निघून गेला तर अशील काय करणार? पण या निकालाने सनद अडली, शिक्षण अडले नाही. डॉक्टरांची पदवी कोणी परत मागितली नाही. एलएलबी झालेल्याने काळा कोट चढवलाच पाहिजे ही सक्ती कुठून आली? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात, आणि पायरी न चढता काम कसे निभवायचे हे ज्याला कायदा कळतो त्यालाच साधते. ज्या सोसायटीत एक तरी माणूस उपविधी खरोखर वाचलेला असतो, तिथे सचिव सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण मुदतीची काढतो. हा समाजाचा फायदा कुठल्या प्लेसमेंटच्या आकड्यात धरणार?

एका तरुणाची जागा अडते म्हणतात, त्यावर फार बोलायला नको. प्रवेश परीक्षेतले गुण पाहून जागा मिळते. तिथे अ ने मुलाला मागे टाकले असेल तर बोलणी मुलाने खायची.

राहिली हजेरी. इथे अ च्या बाजूचे लोक घाई करतात आणि म्हणतात की नोकरदारांना हजेरीच नको. हे मला मंजूर नाही. हजेरी गेली की तीन वर्षांत फीच्या पावत्या तेवढ्या उरतात, आणि कायद्याची पदवी टपालाने येऊ नये हे बार कौन्सिलचे म्हणणे रास्त आहे. नियम न मोडता वाट निघते का ते पाहावे, वकील तेच करतो. वर्ग आठ ते सातच्या आत हवेत, ठीक. शनिवार आणि रविवार घ्या. रोजचे ११ तास, दोन दिवसांचे २२. जेवणाला रोज अर्धा तास सोडा, उरले २१. आठवड्याला वर्ग ३० तासांचे, आणि ३० चे ७० टक्के म्हणजे बरोबर २१. प्रत्येक विषयाचे सत्तर टक्के तास या दोन दिवसांत लावले आणि उरलेले नऊ तास मोकळ्या मुलांसाठी मधल्या वारी ठेवले, तर अ एकही रजा न काढता परीक्षेला बसू शकतो. रविवारी शिकवायला प्राध्यापक तयार होतील का? साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या दिवशी देता येते, आणि तेवढी वाटाघाट विधी महाविद्यालयालाच जमली नाही तर मग कोणाला जमायची. अडचण एकच आहे. एखाद्या शनिवारी कँटीनमध्ये मिसळ यायला उशीर झाला आणि जेवण एकतीस मिनिटांवर गेले, तर हजेरी सत्तरच्या खाली जाते. तेव्हा अ ने डबा आणावा.